कानातून आलेली भोवळ: गोळ्या तीन दिवस, मग हालचाल

सकाळी जाग येते, कुशीवर वळायला जावं तर खोली गरगर फिरायला लागते. डोळे मिटले तरी थांबत नाही. उलट्या सुरू होतात, उभं राहिलं की अंगाचा झोक एकाच बाजूला जातो. घरच्यांचे अंदाज ठरलेले असतात: पित्त उसळलं, बीपी वाढलं, नाहीतर मानेचा मणका. रक्तदाब मोजला तर तो थोडा वाढलेला सापडतोही, कारण इतक्या उलट्या आणि इतकी भीती यानंतर कोणाचाही वाढेल. मग बीपीची गोळी सुरू होते किंवा मानेला पट्टा लागतो, आणि बिघाड जिथे आहे त्या कानाच्या आतल्या भागाकडे कोणी बघतच नाही.

अशी गरगर न थांबता दिवसभर किंवा दोन-तीन दिवस चालली, तर तिचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला आलेली सूज. नुसती नस सुजली आणि ऐकू नीट येत असेल तर त्याला व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात. सोबत त्या कानाला कमी ऐकू येत असेल, कानात आवाज येत असेल, तर सूज आतल्या कानातच आहे, म्हणजे लॅबिरिन्थायटिस. बऱ्याच जणांना आधी काही दिवस सर्दी-ताप झालेला असतो. ओठांवर फोड आणणारा नागिणीच्या कुळातला विषाणू नसेत दबून राहून पुन्हा जागा होतो, असा तज्ज्ञांचा दाट संशय आहे.

कालावधी नीट विचारला तर निम्मं निदान तिथेच होतं. कुशीवर वळताना मिनिटभराच्या आतच थांबणारी चक्कर ही आतल्या कानातले चुन्याचे सूक्ष्म कण सरकल्याची असते, तिचा उपाय वेगळा. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारी, परत परत येणारी, कान गच्च करणारी चक्कर मेनियर्स नावाच्या आतल्या कानाच्या आजाराची असू शकते. या लेखातली गरगर एकदाच, जोरात येते आणि दिवसेंदिवस रेंगाळते.

कान नेमकं काय बिघडवतो

प्रत्येक कानात, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोलाची जागा आहे: तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन लहान पिशव्या. डोकं वळलं की नळ्यांतला द्रव किंचित मागे राहतो, त्याने आतले सूक्ष्म केस वाकतात आणि नसेतून मेंदूला खबर जाते. डोकं स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून खबर जातच असते, दोन्हीकडून सारखीच. डोकं उजवीकडे वळलं की उजव्या कानाची खबर वाढते, डाव्याची घटते, आणि मेंदू हा फरक वाचतो.

आता उजवी नस सुजून गप्प झाली असं धरा. डावी नेहमीसारखी चालूच आहे. मेंदूला फरक दिसतो, म्हणून तो समजतो की डोकं डावीकडे फिरतंय. माणूस अंथरुणावर निपचित पडलेला असतो, तरी त्याचे डोळे हळूहळू उजवीकडे सरकतात आणि झटक्याने डावीकडे परत येतात, पुन्हा पुन्हा. चालायला गेला तर उजवीकडे कलतो. उलट्या याच गोंधळातून येतात. पोटाचा यात काहीच दोष नसतो, त्यामुळे पित्ताच्या औषधाने फरक पडत नाही.

बरं होणं दोन टप्प्यांत होतं. पहिल्या काही दिवसांत मेंदू दोन्ही बाजूंच्या खबरांचा हिशेब नव्याने जुळवतो आणि स्थिर पडून असतानाची गरगर थांबते. हे बहुतेकांत आपोआप होतं. दुसरा टप्पा आपोआप होत नाही. डोकं चटकन वळवलं की डोळे मागे पडतात, समोरचं चित्र डोळ्याच्या पडद्यावर घसरतं, पाटीवरची अक्षरं पुसट होतात. मेंदू शिकतो तो या घसरण्यातूनच. चूक दिसली तरच तो ती सुधारतो. जो माणूस चक्कर येईल म्हणून डोकं ताठ धरून बसतो, त्याच्या मेंदूला चूक दिसतच नाही, आणि तीन महिन्यांनीही तो भिंतीला धरूनच चालत असतो.

आधी मेंदूचा झटका नाही ना, हे पाहा

पुढचं सगळं निदान झाल्यानंतरचं आहे. मेंदूच्या मागच्या भागाला, म्हणजे लहान मेंदूला किंवा मेंदूच्या देठाला रक्त मिळेनासं झालं तर अगदी अशीच गरगर येऊ शकते. त्यामुळे पहिल्यांदाच आलेली, न थांबणारी भोवळ डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहिली पाहिजे.

दोन-दोन दिसणं, बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, घास किंवा पाणी गिळताना अडकणं, हात-पाय लुळे किंवा बधिर पडणं, डोकं किंवा मान पूर्वी कधी दुखली नाही इतकी दुखणं, यांपैकी एकही गोष्ट असली तर 108 ला फोन करा आणि मोठ्या इस्पितळात न्या. आणखी एक खूण घरच्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कानाचा रुग्ण कितीही बेजार असला तरी आधाराशिवाय बसू शकतो आणि कोणी धरलं तर उभा राहतो. ज्याला धरूनही उभं राहता येत नाही, बसवलं की जो कोसळतो, त्याला कानाचा समजून घरी ठेवू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गोव्यात पेडणे किंवा काणकोणहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचायचं असेल तर वाटेतला वेळही त्यातूनच जातो. 'सकाळपर्यंत बघूया' म्हणायला इथे जागा नाही. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या, डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नये. लहान मेंदूतला ताजा झटका सीटीत बहुधा दिसत नाही आणि पहिल्या दिवस-दोन दिवसांत एमआरआयमधूनही काही वेळा निसटतो. म्हणून जाणकार डॉक्टर डोळ्यांवर भर देतात. ते रुग्णाला आपल्या नाकाकडे बघायला सांगतात, त्याचं डोकं हातात धरून अचानक थोडंसं वळवतात आणि डोळे नाकावर टिकतात का ते पाहतात. सुजलेल्या बाजूला वळवल्यावर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग उडी मारून नाकावर परत येतात. सतत गरगर चालू असताना ही उडी दिसली तर बिघाड कानाकडचा असण्याची शक्यता वाढते. ती दिसली नाही तर चिंता वाढते, कारण कान ठीक आहे आणि तरीही जग फिरतंय. जोडीला डोळ्यांची थरथर दिशा बदलते का आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर-खाली आहे का हेही पाहतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तीन तपासण्या मिळून सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही अचूक ठरल्या. पण त्या सरावलेल्या हातांनी केलेल्या होत्या. मोबाईलवर पाहून घरी कोणाची मान झटकू नका.

ऐकण्याची चाचणी मात्र घरी करता येते. प्रत्येक कानाजवळ दोन बोटं चोळून आवाज सारखा येतो का विचारा. एका कानाला अचानक कमी ऐकू येत असेल तर त्याच दिवशी ईएनटी डॉक्टर गाठा. ऐकणं वाचवायचे उपचार लवकर सुरू करावे लागतात, आणि क्वचित अशी बधिरता मेंदूच्या झटक्यातही येते. कानातून पू आणि ताप, किंवा कानावर पुरळ आणि तोंड वाकडं, हेही थांबण्यासारखं नाही.

पहिले तीन दिवस

या दिवसांत काम दोनच: उलट्या आवरणं आणि पडू न देणं. ज्या कुशीवर कमी फिरतं त्या कुशीवर झोपा. खोली पूर्ण अंधारी करू नका. डोळे उघडे ठेवून एका स्थिर गोष्टीवर, खिडकीच्या कडीवर किंवा भिंतीवरच्या खिळ्यावर, नजर रोखली तर कानामुळे होणारी गरगर कमी होते. डोळे मिटले की वाढते. हे रुग्णाला कोणी सांगतच नाही आणि तो दिवसभर पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहतो.

पाणी पेल्याने देऊ नका, ते बाहेर पडेल. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-दोन चमचे द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उलट्या थोड्या थांबल्या की उकड्या तांदळाची पातळ पेज मीठ घालून. सोलकढी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तिखट न घालता. सात-आठ तास लघवी झाली नसेल तर सलाईन लावावं लागेल, घरी प्रयोग करत बसू नका.

उलटी आणि गरगर दाबणाऱ्या गोळ्या, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, प्रोमेथाझिन, या पहिल्या दिवसांत खऱ्याच उपयोगी आहेत. काहींना इंजेक्शन लागतं, कारण गोळी पोटात टिकतच नाही. पण तीन दिवसांनी त्या थांबवायच्या. त्या गरगर दाबतात त्या मेंदूची तोलाची जागाच गुंगवून, आणि मेंदूला शिकायचं असतं ते याच काळात. फार्मसीत जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने याच गोळ्या घेणारे लोक जागोजागी भेटतात. वयस्कर माणसांत प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन लांबले तर हात कापणं, अंग आखडणं, पावलं घसटत चालणं सुरू होतं, आणि त्याला वेगळाच आजार समजून आणखी एक गोळी वाढते. घरात अशी चिठ्ठी असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घ्यायची ते स्पष्ट विचारा. दुसऱ्या कारणासाठी चालू असलेलं औषध मात्र मनाने बंद करू नका.

सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा निर्णय डॉक्टरांचा. 2004 साली जर्मनीतल्या एका अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्या स्टेरॉइडमुळे वर्षभरात नसेचं काम जास्त सुधारलेलं दिसलं. विषाणूविरोधी गोळीने मात्र काही फरक पडला नाही. रुग्णाला स्वतःला त्यामुळे किती बरं वाटतं याबद्दल अजून मतभेद आहेत, म्हणून सगळेच डॉक्टर ते देत नाहीत. दिलं तर मधुमेहींनी साखर रोज मोजायची आणि डोस सांगितल्याप्रमाणेच उतरवत न्यायचा.

भिंतीवरचं 'क'

उलट्या थांबल्या की व्यायाम सुरू. अजून थोडं फिरतंय, जरा पूर्ण बरं वाटू दे, असं म्हणून थांबू नका. सुरुवात अंथरुणावर बसून: डोकं स्थिर, डोळे वर-खाली वीस वेळा, डावी-उजवीकडे वीस वेळा. मग स्वतःचं बोट तीन फुटांवरून एक फुटापर्यंत आणत त्यावर नजर. हे व्यायाम इंग्लंडमध्ये 1940 च्या दशकात कॉथोर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी बसवले. आजही इस्पितळातल्या छापील कागदावर बहुधा हेच असतात. ते चांगले आहेत, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण खरं काम डोकं हलताना नजर टिकवण्याचं आहे.

त्यासाठी पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने साधारण एक सेंटिमीटर उंचीचा 'क' काढा आणि बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असा भिंतीवर चिकटवा. तीन फुटांवर खुर्ची ठेवा. नजर 'क' वर रोखून 'नाही' म्हणताना हलवतो तसं डोकं डावी-उजवीकडे वळवा, प्रत्येक बाजूला 20 ते 30 अंश, जास्त नाही. अर्धा मिनिट. थांबा, डोकं शांत होऊ द्या. मग 'हो' म्हणतो तसं वर-खाली अर्धा मिनिट. हळूहळू प्रत्येक फेरी एक ते दोन मिनिटांवर न्या. दिवसातून किमान तीन वेळा, सगळं मिळून रोज निदान 12 मिनिटं. दुखणं जुनं झालं असेल तर 20.

वेग किती, यावरच बहुतेकांचं चुकतं. 'क' स्पष्ट आणि जागेवर दिसत राहील इतकाच वेग. तो पुसट झाला, उड्या मारू लागला, तर वेग जास्त झाला. अगदीच निवांत वाटतंय, काहीच होत नाहीये, तर कमी पडतोय. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं, ॲप असतं. मिनिटाला 60 ठोक्यांवर सुरू करा, प्रत्येक ठोक्याला डोकं एका बाजूला, आणि काही आठवड्यांत 120 पर्यंत व पुढे जा. दुसरी चूक म्हणजे डोक्याऐवजी खांदेच फिरवणं. तिसरी, डोळे मिटून करणं, ज्याचा या व्यायामात काहीच उपयोग नाही.

व्यायाम करताना भोवळ थोडी वाढणारच, वाढली तरच तो लागू पडतोय. ती पंधरा-वीस मिनिटांत ओसरली तर मात्रा बरोबर आहे. दोन-तीन तास डोकं जड राहिलं, पुन्हा उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा. पण बंद करू नका. नवं काही, म्हणजे दुहेरी दिसणं किंवा बधिरपणा आला, तर मात्र व्यायाम सोडून डॉक्टर.

बसून जमलं की उभं राहून, पाय फाकवून. मग पाय जुळवून. मग उशीवर उभं राहून. कोऱ्या भिंतीवरचा 'क' सोपा वाटू लागला की तो फुलाफुलांच्या पडद्यावर टाचा, मेंदूचं काम लगेच वाढतं. शेवटी कागद हातात धरायचा आणि डोकं डावीकडे तर कागद उजवीकडे. हे अवघड आहे, घाई नको.

तोलाचा व्यायाम भिंतीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून करा, म्हणजे कुठेही झुकलं तरी आधार असतो. पाय जुळवून अर्धा मिनिट डोळे उघडे, अर्धा मिनिट मिटून. मग एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून. चालणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, कोणाचा तरी हात धरून, पाच मिनिटं घरातल्या घरात किंवा बाल्कांवापासून, म्हणजे घरापुढच्या ओसरीपासून, गेटपर्यंत. आठवडाभराने चालताना दर तीन-चार पावलांनी डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवायचं. वाकडं चाललात तरी चालेल, थांबू नका. पुढे मिरामारसारखा सपाट किनारा जवळ असेल तर तो या कामाला उत्तम: आधी पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूवरून, मग वरच्या भुसभुशीत वाळूवरून, जिथे पावलांना जमिनीचा नेमका अंदाज येत नाही आणि कानाला काम करावंच लागतं.

घराबाहेर

एका कानाची खबर कमी असलेला माणूस डोळ्यांवर आणि पावलांवर टेकलेला असतो. अंधार आणि निसरडी जमीन एकत्र आली की त्याचे हे दोन्ही आधार जातात. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या, अंगणातला चिखल, दिवे गेलेली रात्र यांपासून पहिले दीड-दोन महिने जपा. न्हाणीघराच्या वाटेवर रात्री दिवा चालू ठेवा आणि आत रबराची चटई घाला.

पोहायला अजिबात नाही, समुद्रात, नदीत की तळीत. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे सांगायला डोळे नाहीत, पाय नाहीत, उरतो तो फक्त कान. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याखेरीज पाण्यात उतरू नका. माडावर चढणारे पाडेली आणि रेंदेर, छपरावर कौलं परतणारे, ट्रॉलरवर जाणारे, यांनाही हाच नियम, आणि त्यांच्या घरच्यांनी तो कडक पाळायला लावावा. रोजगार बुडतो हे खरं आहे. म्हणूनच अशा माणसाला व्यायाम लवकर आणि नीट शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पहिल्या आठवड्यातच पाठवलं पाहिजे.

स्कूटर हा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रश्न. हेल्मेट घालून अंगणात उभे राहा, आरशात बघा, मग पटकन मान वळवून मागे बघा, लगेच समोर. दहा वेळा. एकदाही झोक गेला नाही, समोरच्या गाडीचा नंबर एकदाही पुसट झाला नाही, तर डॉक्टरांशी बोलून दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर सुरुवात करा. गुंगी आणणारी गोळी चालू असेपर्यंत तर गाडीचा विषयच नाही. फेरीबोटीवर हेलकाव्याने त्रास होतो. कठड्याजवळ बसा आणि मोबाईल खिशात ठेवून पलीकडच्या तीरावर नजर ठेवा.

घरातली कामं व्यायामाइतकीच मोलाची आहेत, फक्त क्रम पाहिजे. आधी बसून नारळ खवणं, मग वाकून केर काढणं, मग वरच्या फळीवरचे डबे. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना मान मागे टाकून हात वर करावे लागतात आणि तेही स्टुलावर उभं राहून. आजारातून नुकतंच उठलेल्याने खाली उभं राहून फळं हातात द्यावीत. फुगडी सगळ्यांत शेवटी, आणि तीही आधी सावकाश.

दारू काही आठवडे नको. फेणीचा एखादा घोटही तोलाची जागा गुंगवतो.

रेंगाळलं तर

जोरदार गरगर सहसा एक ते तीन दिवस, चालताना झोक जाणं आठवडा-दोन आठवडे, आणि डोकं झटकन वळवल्यावरचा अडखळ दीड ते तीन महिने असं साधारण वेळापत्रक असतं. दर आठवड्याला थोडी सुधारणा दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तीन कारणं आधी तपासा. गोळी अजून चालू आहे का? व्यायाम खरंच रोज होतोय का? आणि गरगर आता वेगळी झाली आहे का?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण सूज उतरल्यावर काहींना त्याच कानातले कण सरकण्याचा त्रास सुरू होतो. दिवसभर ठीक, पण अंथरुणात वळलं की काही सेकंद जोरात फिरतं. त्यावर 'क' चा व्यायाम चालत नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण जागेवर आणतात, याला एपली म्हणतात, आणि बहुतेकांना एक-दोन वेळात आराम पडतो.

तीन महिन्यांनंतरही जवळजवळ रोज डोकं तरंगल्यासारखं वाटत असेल, बाजारात, मॉलमध्ये, गर्दीत वाढत असेल, पण गरगर नसेल, तर तो कान बरा झाल्यावरही मेंदूने सोडून न दिलेला सावधपणा आहे. त्याला नाव आहे, निदानाचे निकष आहेत आणि उपचारही आहेत: वेगळ्या आखणीचे व्यायाम, समुपदेशन, कधी औषध. 'मनाचे खेळ' म्हणून अशा माणसाला झटकू नका, त्याला खरोखरच तसं होत असतं.

पुढे कधी ताप आला, चार रात्री जागरण झालं, तर जुना झोक एक-दोन दिवस परत जाणवू शकतो. चार-पाच दिवस व्यायाम पुन्हा केले की तो जातो. पण पूर्वीसारखी, तासन्‌तास फिरवणारी, उलट्या आणणारी भोवळ दुसऱ्यांदा आली तर जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नका. हा आजार त्याच माणसाला सहसा परत होत नाही, त्यामुळे तपासणी पहिल्यापासून, मेंदूच्या झटक्यापासून, पुन्हा करून घ्या.